प्रवाळाचा रंग कुणी नेला

संक्रांतीनंतर पाच-सहा दिवसांनी, सकाळी गिरणीवर जाण्याआधी मी काचेच्या टाकीसमोर उभी राहिले, तेव्हा प्रवाळाचा रंग उतरतो आहे अशी माझी खात्री झाली. आधीचे दोन दिवस मी माझ्याच डोळ्यांना दोष देत होते. त्या दिवशी मी जुन्या हिरव्या ब्लाउजचा एक तुकडा आणून काचेला लावला. टाकी घरात आली त्या आठवड्यात हाच तुकडा त्या रंगाशी तंतोतंत जुळला होता. आता कापड होतं तसंच हिरवं होतं आणि दगडावरचं प्रवाळ पाणी जास्त झालेल्या कोथिंबिरीच्या चटणीसारखं दिसत होतं.

सत्तरच्या दशकाची ती अखेरची वर्षं. आमचं घर चौक गावात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. एका बाजूला ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला माझी पिठाची गिरणी. मुलगी पुण्याला शिकायला होती. यजमान मुंबईला समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि शनिवारी घरी येत. त्या वर्षी दिवाळीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. कर्जतच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मुंबईची धावपळ, जिने आणि ओझी आता बंद. नोकरीचं नाव काढू नका. ऑफिसने जूनअखेरपर्यंत रजा दिली आणि सोबत निवृत्तीच्या अर्जाचा कागदही पाठवला.

यजमान तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. कागद पाहून ते म्हणाले, "घरी बसून काय करू? तुझ्या गिरणीत दळणाचे डबे उचलू?"

"डबे उचलायलाही मनाई आहे," मी म्हटलं.

बोलाचाली बरेच दिवस चालली. शेवटी त्यांनी एक अट घातली. समुद्रापासून दूर, साध्या घरात, साध्या ट्यूबलाइटखाली जिवंत प्रवाळ जगतं का आणि आपला रंग टिकवतं का, हे त्यांना कितीतरी वर्षांपासून पाहायचं होतं. नोकरीत त्याला वेळ मिळाला नव्हता. "जूनअखेरपर्यंत रंग टिकला, तर माझं काम इथे बसून होतं असं मी मानीन आणि सही करीन," ते म्हणाले. "नाही टिकला, तर एक जुलैला रुजू होईन."

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर ते जानेवारीतच रुजू झाले असते.

अशी ती टाकी आमच्या घरात आली. तीन फूट लांब, आत किनाऱ्यावरून आणलेले दोन दगड आणि दगडांवर शर्टाच्या बटणांएवढ्या गोल जिवांची दाट वस्ती. अंगठीतलं पोवळं मी पाहिलं होतं, पण हे जिवंत होतं. दिवसा उघडायचं, संध्याकाळी मिटायचं. ते झाड नाही, प्राणी आहे, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मला ते झाड असो की प्राणी, त्याचा रंग टिकण्याशी मतलब होता.

कामं आम्ही वाटून घेतली. दर आठवड्याला टाकीतलं थोडं पाणी काढून समुद्राचं ताजं पाणी घालायचं. उन्हाळ्यात टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं. उष्णतेने पाणी वाफ होऊन उडतं, पण मीठ मागेच राहतं, म्हणून रोज तेवढी भर मात्र गोड्या पाण्याची घालायची. त्यासाठी त्यांनी काचेवर चिकटपट्टीची खूण केली होती. भर घालायचं काम माझं होतं, कारण त्यांना बादली उचलायची नव्हती. "विहिरीचं पाणी रात्रभर ठेवलेलं घाल, ताजं ओढलेलं नको," एवढं त्यांनी बजावलं होतं. सकाळी सहाला उठून मी ते काम करत असे आणि एकही दिवस चुकवला नाही.

तर त्या सकाळी मी त्यांना कापडाचा तुकडा दाखवला. ते भिंग घेऊन वाकले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पाहू."

मला हे "पाहू" आवडलं नाही. वर्तमानपत्राची घडी चुकली तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. पण ती गोष्ट मी तेव्हा मनात ठेवली आणि आधी दुसरीकडे शोधायला लागले.

ट्यूबलाइट जुनी झाली असेल म्हणून नवी लावली. फरक पडला नाही. मग माझं लक्ष हवेकडे गेलं. टाकीत हवा सोडायला विजेवरचं छोटं यंत्र होतं, पण चौकला वीज जाणं रोजचंच. त्यावर यजमानांनी उपाय काढला होता. ट्रकच्या टायरची आतली ट्यूब गॅरेजमधून फुगवून आणायची आणि बारीक नळीने ती हवा टाकीत सोडायची. एक ट्यूब चार तास पुरे. मी त्या नळीच्या तोंडाला ओलं पांढरं फडकं धरलं. दहा मिनिटांत त्यावर काळपट तेलकट डाग आला.

फडकं घेऊन मी गॅरेजवाल्याकडे गेले. तो एका ट्रकखाली झोपला होता. तिथूनच म्हणाला, "वहिनी, माझ्या हवेवर गाड्या बोरघाट चढतात. तुमचं फूल मरतंय होय?"

"गाडीला श्वास घ्यायचा नसतो," मी म्हटलं.

"मग आमच्या साहेबांना सांगा, तोंडाने फुंका म्हणावं."

त्याच्याकडची हवा मी बंद केली. गिरणीत सायकलचा पंप होता, त्याने ट्यूब मी स्वतः भरायला लागले. पंधरा दिवस दंड भरून आले. रंग उतरायचा तो उतरतच राहिला. हवा निर्दोष सुटली.

आता पाणी. समुद्राचं पाणी आमच्याकडे एक सुकटवाली आणत असे. उरणच्या बाजूची बाई, माझ्याच वयाची. दर आठवडी बाजाराला सुकट, बोंबील आणि जवळ्याच्या पाट्या घेऊन टेंपोने यायची आणि आमच्यासाठी पाण्याचे दोन कॅन आणायची. दोन महिने मी ते कॅन निमूटपणे घेतले होते. आता मात्र माझ्या मनात आलं, की इतक्या लांबून पाणी वाहून आणण्यापेक्षा वाटेत एखाद्या विहिरीवर कॅन भरून त्यात मीठ टाकणं किती सोपं आहे.

माझ्याकडे दूध तपासायची काचेची कांडी होती, लॅक्टोमीटर. दूधवाल्याच्या धाकासाठी ठेवलेली. पाण्यात ती शून्यापर्यंत बुडते, चांगल्या दुधात अठ्ठावीस-तीसवर तरंगते. यजमानांना विचारलं तर म्हणाले, समुद्राचं पाणीही दाटच असतं, तुझी कांडी पंचविसाच्या आसपास उभी राहायला हवी. पुढच्या बाजारी सुकटवालीच्या समोरच मी भांड्यात पाणी ओतलं आणि कांडी सोडली.

ती कंबरेवर हात ठेवून पाहत राहिली. "काय गं बाय, समिंदराची म्हस पिळली का कुनी?"

कांडी पंचविसावर थांबली.

"बरोबर हाय ना?" तिने विचारलं.

"आज आहे. कुठून भरतेस पाणी?"

"समिंदरातून. विहिरीचं भरून मीठ घालीन, तर मीठ माझ्या घरचं जाईल की नाय?"

पुढचे तीन बाजार मी कांडी लावली आणि तीनही वेळा ती पंचविसावर उभी राहिली. माझा संशय जायला हवा होता, पण तो वाढला. दूधवाल्याचं चांगलं दूधही एकदा सत्तावीस, एकदा तीस असं असायचं. ज्याचा आकडा कधीच हलत नाही तो आकडा बनवलेला असतो, असं मला वाटलं. मग मी स्वयंपाकघरात पातेलंभर विहिरीचं पाणी घेतलं आणि खडेमीठ विरघळवत गेले. अर्ध्या तासात माझ्या पातेल्यातही बरोबर पंचवीस आकडा आला. म्हणजे जे मला जमलं ते तिलाही जमणारं होतं.

त्या आठवड्यात मी तिला सांगितलं की आता पाणी नको.

"का गं?"

"पाण्याने प्रवाळ फिकं पडतंय."

"माज्या पान्यानं?" तिने पाटी खाली ठेवली. "सुकट ओली हाय, असं लोक बोलतात. वजनात मारतेस, असंबी बोलतात. ते आमी ऐकतो, धंदाच तसा हाय. पान्यात पानी घातलं असं आजवर कुनी नाय बोललं."

"मी तसं म्हटलं नाही."

"तुजी काडी बोलली की," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. त्यानंतर ती आमच्या घरावरून जाईनाशी झाली. बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला बसायला लागली.

यजमानांना मी सांगितलं की पाणी बंद केलं आहे. ते म्हणाले, "महिनाभर नाही बदललं तरी चालेल." इतकंच. ना चिडले, ना दुसरी सोय पाहू म्हणाले.

एप्रिल आला. दुपारी घराचे पत्रे तापून वाजायला लागले. टाकीतलं पाणी इतकं उडायचं की सकाळी एक लोटी पुरायची तिथे मला चार घालाव्या लागत. सुकटवालीचं पाणी बंद होऊन महिना झाला. दोष त्या पाण्यात असता तर रंग सुधारायला हवा होता, निदान होता तिथे थांबायला हवा होता. उलट तो पूर्वीपेक्षा वेगाने गेला. मोठ्या दगडाचा डावा भाग शिजवलेल्या साबुदाण्यासारखा झाला. म्हणजे सुकटवालीचाही दोष नव्हता. मी तिला मनातल्या मनात सोडून दिलं, पण बाजारात जाऊन तसं सांगितलं नाही. आधी खरा दोषी सापडू दे, मग पाहू, असं ठरवलं.

आणि आता घरात उरलो होतो आम्ही दोघंच.

मी लिहिते आहे ते मला शोभणारं नाही, पण खरं आहे. मला यजमानांचा संशय येऊ लागला. त्यांना सही करायची नव्हती. प्रवाळाचा रंग गेला तर शब्द न मोडता त्यांना परत नोकरीवर जाता येणार होतं. सकाळी आठपासून एकपर्यंत मी गिरणीवर असे आणि ते टाकीजवळ एकटे. एप्रिलच्या मध्यावर त्यांनी ऑफिसची बॅग धुऊन दोरीवर वाळत घातली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वास येत होता." पुढच्या आठवड्यात बुटांना पॉलिश झालं. निवृत्तीचा कागद ज्या फायलीत होता ती कपाटाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात गेली. एकेक गोष्ट साधी होती. मी त्या जोडत गेले.

मग मी एक युक्ती केली. ते आंघोळीला गेले असताना लहान दगडाच्या कडेचा एक कपचा मी अडकित्त्याने तोडला. त्यावर तीन बटणं होती, अर्धवट फिकी. सुकटवालीच्या शेवटच्या फेरीतला अर्धा कॅन मी पुरावा म्हणून कोठीत ठेवून दिला होता. त्यातलं पाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून कपचा त्यात सोडला आणि बरणी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली फळीवर ठेवली. यजमान स्वयंपाकघरात फिरकत नसत. उजेड सारखाच, उकाडा सारखाच. दिवसातून चार-पाच वेळा मी पळीने पाणी ढवळत असे आणि कमी होईल तेवढं घालत असे.

बारा दिवसांनी बरणीतली तीन बटणं हिरवी झाली. गडद नाही, पण कुणालाही कळेल अशी. टाकीतली त्यांची भावंडं आणखी पांढरी झाली होती.

मला वाटलं, आता माणूस सापडला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवरच्या मदतनीस बाईला मी मशीन सोपवलं, नेहमीसारखी पुढच्या दाराने डबा घेऊन बाहेर पडले आणि मागच्या दाराने आत येऊन मधल्या दाराआड उभी राहिले. तिथून फटीतून टाकी दिसते. अडीच तास मी उभी होते. यजमानांनी वहीत काहीतरी लिहिलं. भिंगाने पाहिलं. फडक्याने काच पुसली. थर्मासमधला चहा ओतून प्यायले. गोणपाटावर पाणी शिंपडलं. मग खुर्ची टाकीजवळ ओढली आणि नुसतेच बसून राहिले. टाकीत त्यांनी बोटसुद्धा घातलं नाही.

मागे न वळता ते म्हणाले, "आज दळण लवकर संपलं वाटतं."

"चाळण विसरले होते," मी म्हटलं.

"मिळाली का अडीच तासांत?"

मी चाळण न घेताच गिरणीवर परत गेले.

गिरणीचा पट्टा चालू असला की बोलता येत नाही, त्यामुळे विचार चांगला होतो. मी बरणी आणि टाकी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. दगड एकच. समुद्राचं पाणी एकाच बाईचं. उजेड, उकाडा, सगळं सारखं. बरणीत मी रोज काय घालत होते? ओट्यावरच्या माठातलं पाणी, हाताशी होतं म्हणून. आणि टाकीत काय घालत होते? हंड्यातलं.

माझ्या लग्नातला तांब्याचा हंडा. मोरीजवळच्या बोळात पाटावर ठेवलेला. रोज संध्याकाळी विहिरीचं पाणी काढून मी तो भरत असे, कारण पाणी रात्रभर ठेवलेलं हवं होतं. आणि रात्रभर ठेवायचं तर घरातल्या सर्वांत स्वच्छ भांड्यात ठेवावं. दर चार दिवसांनी चिंच-मीठ लावून मी तो आतून-बाहेरून लख्ख घासत होते. माणसाने तांब्यातलं पाणी प्यावं, ते पाचक असतं, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दगडावरच्या जिवाला माठाचं पाणी घालावं आणि हंड्याचं घालू नये, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

त्याच आठवड्यात मी तपेलीभर ताक फेकून दिलं होतं. तपेलीची कल्हई उडाली होती, त्यात ताक राहिलं आणि कळकलं. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवला की भांडं त्यात उतरतं, हे आमच्याकडे प्रत्येक बाईला माहीत असतं. पण पाण्याच्या हंड्याला आतून कल्हई कोण करतं? पाणी काही आंबट नसतं. मी मात्र दर चार दिवसांनी त्याला चिंच लावत होते आणि त्यात रात्रभर साठवलेलं पाणी चार-चार लोट्या टाकीत ओतत होते. वाफेबरोबर पाणी उडून जात होतं. तांबं उडत नसणार. जसं मीठ मागे राहतं तसंच तेही मागे राहत असणार.

नुसत्या तर्कावर विश्वास ठेवायची चूक मी एकदा सुकटवालीच्या बाबतीत केली होती. म्हणून बरणीतल्या कपच्याचे अडकित्त्याने दोन भाग केले आणि दोन बरण्या मांडल्या. एकीत माठाची भर, दुसरीत हंड्याची. हंड्याच्या बरणीतलं बटण चौथ्या दिवशी मिटलं ते उघडलं नाही. आठव्या दिवशी ते पांढरं झालं होतं. माठाच्या बरणीतली दोन्ही बटणं मजेत होती.

दोषी सापडला होता आणि तो गेले पाच महिने रोज सकाळी सहा वाजता पदर खोचून टाकीसमोर उभा राहत होता.

संध्याकाळी दोन्ही बरण्या मी यजमानांपुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. फक्त त्यांच्यावर घेतलेला संशय सांगितला नाही. त्यांनी बरण्या उजेडात धरून पाहिल्या.

"तांबं," ते म्हणाले. "आमच्याकडे टाकीच्या आसपास तांब्याची तारसुद्धा येऊ देत नाहीत. हे जीव माशांपेक्षा नाजूक असतात."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू हंड्यातलं घालतेस हे मला कुठे माहीत?"

"हंडा बोळात आहे. तुम्ही दिवसातून दहा वेळा त्याच्यासमोरून हात धुवायला जाता."

"हंडा मी पाहतो. त्यातलं पाणी तू कशाला वापरतेस ते पाहत नाही. सहाला मी झोपलेला असतो."

"झोपलेले नसता. तुमचा खोकला मला ऐकू येतो."

त्यांनी बरण्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "मला वाटलं, माठातलं घालत असशील."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. दळणात खडे आहेत की नाहीत हे मी डबा हलवून सांगते, पण त्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

टाकीतलं सगळं पाणी बदलायचं होतं आणि त्याला आठ कॅन लागणार होते. पुढच्या बाजारी मी सुकटवालीसमोर जाऊन उभी राहिले. ती जवळा पसरत होती. तिने वर पाहिलं नाही.

"पाणी हवं आहे," मी म्हटलं. "तुझ्या पाण्यात दोष नव्हता. माझ्या हंड्यात होता."

"कंच्या हंड्यात?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या मिरचीवालीला हाक मारली. "ऐकलंस काय गं? समिंदराचं पानी चांगलं हाय, असं या बाय सांगायला आल्यात. तीन महिनं लागलं."

मिरचीवाली हसली. मी उभीच राहिले. हसून होऊ दिलं.

"आठ कॅन लागतील," मी म्हटलं.

"मी नाय आननार," ती म्हणाली. "उद्या टेंपो परत जातो. तूच चल नि तूच भर. मंग पुन्हा काडी नको नि तोंड नको."

मी गेले. तिच्या गावच्या किनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा भरती चढत होती. मला वाटलं होतं की काठावर वाकून कॅन भरायचे. तिने मला कंबरभर पाण्यात, एका खडकाच्या पलीकडे नेलं. काठाला चिखल असतो, खाडीचं गोडं पाणी मिसळतं, म्हणून ती नेहमी पूर्ण भरतीला त्याच खडकामागे भरायची. माझा आकडा दर वेळी पंचवीस का यायचा ते तिथे कळलं. दोन कॅन भरून काठावर आणले आणि मी तिथेच खाली बसले. उरलेले सहा तिने आणले. असे दोन कॅन ती माझ्यासाठी दर आठवड्याला आणत होती.

"पुढच्या बाजारापासनं मी आनीन," टेंपोत कॅन चढवताना ती म्हणाली. "तुला नाय जमायचं."

मे संपत आला होता. नवीन पाणी घातलं, दगड धुऊन घेतले, भर माठाची सुरू झाली. बटणं उघडायला लागली, पण रंग नव्हता. जून अर्धा गेला. रोज सकाळी मी पाहत होते आणि रोज ती पांढरीच होती. यजमानांनी बॅगेत डायरी आणि औषधाच्या बाटल्या भरून ठेवल्या.

"रंग टिकला नाही," ते म्हणाले. "आपलं ठरलं होतं."

"रंग टिकला नाही, कारण मी त्यात विष घातलं. तुमचा प्रयोग झालाच नाही अजून."

"जूनअखेर म्हणजे जूनअखेर."

डॉक्टरांचं बोलणं मी पुन्हा काढलं. त्यांनी ते पुन्हा ऐकलं नाही. मी रडणाऱ्यांतली नाही आणि रडून काही झालंही नसतं.

रजा संपायला पाच दिवस राहिले असताना त्यांनी मला हाक मारली आणि भिंग हातात दिलं. लहान दगडाच्या एका बाजूला चार-पाच बटणांच्या कडेला हिरवी रेघ होती. केसाएवढी. नुसत्या डोळ्यांना दिसली नसती.

"आता यापुढचे तीन-चार महिने महत्त्वाचे," ते म्हणाले. "रोज नोंद ठेवायला हवी. मी गेलो तर हे कोण बघणार?"

"मी बघीन," मी म्हटलं. "सहा महिने रोज पाणी मीच घातलं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गॅरेजवाल्याकडे, सुकटवालीकडे आणि त्यांच्याकडेही मी ज्या नजरेने पाहत आले होते, नेमकी तीच नजर होती.

"तू?" ते म्हणाले. "हंडा झाला. उद्या काच चकचकीत दिसावी म्हणून चिंच लावशील."

"लावीन कदाचित," मी म्हटलं. "मला कुठे तुमच्यासारखं शास्त्र येतं? रविवारी येऊन तुम्ही तपासत जा."

"रविवारपर्यंत सगळं मेलेलं असेल."

"तेही खरं."

ते बराच वेळ टाकीशी बसले. मी भाकऱ्या करायला आत गेले. जेवणं झाल्यावर त्यांनी खालच्या कप्प्यातून फाइल काढली आणि माझ्याकडे पेन मागितलं. सही केली, कागदाची घडी घालून पाकिटात ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासून सकाळचं पाणी मी घालीन. तू लोटीला हात लावायचा नाही."

माझी त्याला हरकत नव्हती. पाकीट मात्र मी त्यांच्या हातात राहू दिलं नाही. सकाळी गिरणी उघडण्याआधी पोस्टात गेले, पेटीत न टाकता पोस्टमास्तरांच्या हातात दिलं आणि त्यांनी त्यावर शिक्का मारेपर्यंत खिडकीशी उभी राहिले.